न तुटलेल्या पट्ट्याची कैफियत

मी एक जुना पट्टा आहे. पट्टा म्हटल्यावर, मित्रांनो, तुम्हाला शाळेच्या गणवेशाचा कमरपट्टा आठवेल, नाहीतर कुत्र्याच्या गळ्यातला. मी त्यातला नव्हे. मी शिडाच्या होडीवरचा जीव सांभाळणारा पट्टा. लांबी चार हात, रंग एके काळी केशरी, आता विटलेला. दोन टोकांना दोन पोलादी कड्या. एक कडी माणसाच्या छातीवरच्या जाकिटात अडकवायची आणि दुसरी होडीवर ताणून बांधलेल्या दोरात. मग लाट कितीही उर्मट असो, माणूस होडीपासून चार हातांपलीकडे जाऊ शकत नाही. एवढंच माझं काम. मला दुसरं काही येत नाही.

माझ्या मधोमध जाड काळ्या दोऱ्याचा एक जोड आहे, तो दिसला ना? हा पट्टा समुद्रात तुटला, असं सारा गाव म्हणत असे. जवळजवळ दोन वर्षं मी ते निमूटपणे ऐकून घेतलं. आता माझी बाजू सांगतो.

माझा जन्म अलिबागच्या वाटेवरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे मितेश नावाचा कारागीर बसतो. रिक्षाची हुडं, टेम्पोच्या ताडपत्र्या आणि फाटलेली शिडं, जे येईल ते तो शिवतो. एके दिवशी नेत्रा त्याच्याकडे आली. मांडव्याला लोकांना शिडाची होडी चालवायला शिकवणारी, काशीदच्या अलीकडच्या गावातली ही मुलगी. तिनं फोनवर एका परदेशी पट्ट्याचा फोटो दाखवला आणि विचारलं, "असे दोन शिवशील का रे? जिवाचं काम आहे."

मितेशनं फोटो मोठा करून टाके मोजले. "ह्यांनी सात रांगा मारल्यात. मी अकरा मारतो. माझी शिवण उसवली तर हे मशीन दर्यात नेऊन टाकीन, ताई."

अकरा रांगा! मित्रांनो, बढाई मारत नाही, पण तेवढ्या टाक्यांत लग्नाचा मांडव शिवून झाला असता. मी आणि माझा जुळा भाऊ, असे आम्ही दोघं एकाच दिवशी तयार झालो. एक नेत्रासाठी आणि एक, म्हणजे मी, तिच्या थोरल्या भावासाठी, निकेतसाठी.

हा निकेत म्हणजे हसरा, उंचापुरा आणि जरा उतावळा गडी. मांडव्याच्या धक्क्यावर दुसऱ्यांच्या होड्या सांभाळता सांभाळता त्यानं आणि नेत्रानं एक जुनी अठ्ठावीस फुटांची शिडाची होडी मिळवली, दोन वर्षं खपून ती दुरुस्त केली आणि तिचं नाव 'रंगू' ठेवलं. भारताच्या किनाऱ्यावरून निघून, विषुववृत्त ओलांडून थेट सेशेल्स बेटांवर जायचं, असा दोघांचा बेत होता. अठरा दिवसांची वाट. मोटार फक्त बंदरात शिरण्यापुरती. बाकी सगळा भरवसा वाऱ्यावर.

निघण्याआधी माझी परीक्षा झाली, आणि तीही कशी! काशीदच्या पुळणीत एका पर्यटकाची जीप रुतली होती. दहा जण ढकलत होते आणि ती आणखीच खाली जात होती. निकेतनं आम्हा दोघा भावांना जोडीनं जीपला अडकवलं, दुसऱ्या टोकाला टेम्पो लावला आणि आरोळी ठोकली, "ओढ!" जीप बाहेर आली. आमचा एक टाकासुद्धा हलला नाही. नेत्रा मात्र चिडली. "जिवाचे पट्टे आहेत हे दादूस, जीप ओढायचे नाहीत!" पण त्या दिवशी गावभर आमचं नाव झालं. माझ्या आयुष्यातली ती एकच मिरवणूक. आजही आठवली की बरं वाटतं आणि लगेच वाईटही वाटतं. जीप ओढून काढली, पण जे धरायचं होतं ते धरता आलं नाही.

आता त्यांच्या वडिलांविषयी सांगायला हवं. त्यांचं नाव चांगदेव, पण सारे त्यांना आबा म्हणतात. चाळीस वर्षं मासेमारी केलेला माणूस. त्यांच्या घरात एक नियम होता: दर्यावर अंगाला दोरी बांधायची नाही. हा काही अडाणीपणा नव्हता. आबांचा धाकटा भाऊ सदू एकदा खवळलेल्या समुद्रात कंबरेला दोरी बांधून जाळं ओढत होता. होडी पालथी झाली. बाकीचे चौघे पोहत सुटले. सदूची ओली गाठ सुटली नाही. तो होडीखालीच राहिला.

म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी निकेतच्या छातीवर मला पाहिल्यावर आबांचा चेहरा उतरला. "दावं लावलंस माझ्या पोराला?" ते नेत्राला म्हणाले. "ढोर हाय का तो?"

"आबा, ही गाठ नाही, कडी आहे," नेत्रानं माझी कडी टक् करून लावून दाखवली, अंगठ्यानं दाबून सोडून दाखवली. "क्षणात सुटते. आणि ही होडी पालथी पडून राहत नाही. तिच्या पोटाखाली शिसं आहे, ती पुन्हा उभी राहते."

"सदूपन असाच शिकवत व्हता मला."

नेत्रा पाण्याचे कॅन मोजायला आत गेली. तेवढ्यात आबांनी निकेतचा हात धरला. मी तिथेच होतो, त्याच्या छातीवर. आबा हळू आवाजात म्हणाले, "एक शब्द दे. बांदायचा न्हाय. तुला पोवता येतंय, माशासारखा पोवतोस तू. बांदू नको रे बाबा."  निकेतनं नेहमीसारखं हसून म्हटलं, "बरं आबा. न्हाय बांधणार."

मित्रांनो, आबांचा नियम खरा होता. त्या नियमानं किती जणांचे जीव वाचले असतील. पण तो मासेमारीच्या होडीचा आणि ओल्या गाठीचा नियम होता. होडी बदलली होती आणि नियम तोच राहिला. हे त्या क्षणी मला सांगता आलं असतं तर!

जानेवारीत एका सकाळी त्यांच्या आईनं, जनीनं, समुद्राला नारळ वाहिला, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुके बोंबील बांधून दिले, आणि 'रंगू' निघाली.

पहिले चार दिवस वारा पाठीशी होता. पण किनारा दिसेनासा झाल्यावर समुद्र काय असतो ते कळलं. पाचव्या दिवशी एक भलंमोठं मालवाहू जहाज सरळ आमच्यावर चालून आलं. नेत्रा रेडिओवर ओरडत होती, पण उत्तर येईना. एवढ्या उंचावरून आमचं शीड त्यांना फेसासारखं दिसत असणार. शेवटी निकेतनंच होडी वळवली. झोप दोन-दोन तासांची, तीही पाळीपाळीनं. आठव्या दिवशी आपोआप सुकाणू धरणारं यंत्र बंद पडलं आणि तेव्हापासून दोघांपैकी एकाला सतत सुकाणूवर बसावं लागलं. हातांना फोड आले. जवळची जमीन शेकडो मैलांवर होती. दवाखाना नाही, शेजारी नाही, हाक मारली तर ऐकणारं कुणी नाही.

नेत्रा माझ्या जुळ्या भावाला एक क्षणही सोडत नसे. निकेत मात्र एक युक्ती करी. तो माझी खालची कडी होडीच्या दोरात अडकवी आणि वरची तशीच हाताशी ठेवी. नेत्रा वर आली की ती पटकन छातीला लावी, ती आत गेली की सोडून देई. म्हणजे माझं एक टोक होडीला घट्ट आणि दुसरं रिकामं. असा अर्धा लावलेला पट्टा, मित्रांनो, न लावलेल्या पट्ट्याहून वाईट. बघणाऱ्याला वाटतं की सगळं ठीक आहे.

सहाव्या दिवशी नेत्रानं त्याला पकडलंच. दोघं कडाकडा भांडले. शेवटी तो म्हणाला, "आबांच्या हातात हात देऊन आलोय गं. वारा वाढला तर लावीन, आईशप्पथ." ती गप्प बसली. पुढे किती वेळा ती स्वतःशीच म्हणाली असेल, 'तेव्हा मी गप्प बसायला नको होतं.'

अकराव्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला, दक्षिणेकडून काळा ढग आला. वारा एकदम दुप्पट झाला. शीड खाली घ्यायला हवं होतं आणि ते डोलकाठीपाशी अडकलं होतं. नेत्रा सुकाणूवर होती. निकेत पुढे धावला. धावताना मला दोरावरून सरकवत घेऊन गेला, माझी वरची कडी हातात धरून. डोलकाठीपाशी पोचल्यावर दोन्ही हात हवे होते. त्यानं मला खाली टाकलं.

"पट्टा लाव, दादूस!" नेत्रा ओरडली.

"लावतो!" तो म्हणाला. आणि शीड ओढायला लागला.

लाट फार मोठी नव्हती. वाईट वाटतं ते त्याचंच. बाजूनं आली, होडी कलली आणि निकेत पाण्यात गेला. मीही त्याच्यामागे कठड्यावरून खाली लोंबलो. तो अगदी जवळ होता. त्यानं हात उचलला. त्याची बोटं माझ्या कडीला लागली, ओली, थंड. मी मला धरता येईल तेवढं धरायला पाहिलं. पण मला बोटं नाहीत. मला फक्त कडी आहे, आणि कडी कुणीतरी लावावी लागते. पुढच्या लाटेत होडी पुढे गेली आणि त्याची बोटं निसटली.

नेत्रानं बुडत्याला धरायचं तरंगतं कडं फेकलं, होडी वळवली, पण अडकलेल्या शिडानं वळायला वेळ लागला. त्या लाटांमध्ये माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं आणि मग दिसत नाही. ती अंधार पडेपर्यंत हाका मारत राहिली. रेडिओवरून एका जहाजानं हाक ऐकली, ते आलं, दीड दिवस शोधत राहिलं. जहाजावरचे लोक तिला आपल्याबरोबर चला म्हणाले. ती म्हणाली, "होडी सोडणार नाही. त्याची आहे." आणि उरलेले सात दिवस ती एकटी होडी हाकत राहिली. तिनं समुद्र ओलांडला, मित्रांनो. अठ्ठावीस फुटांच्या होडीतून, शेवटचा रस्ता एकटीनं. पण त्याबद्दल तिला कुणी शाबास म्हटलं नाही आणि तिनंही ते कुणाला सांगितलं नाही.

बंदरातल्या अधिकाऱ्यांना तिनं सगळं खरं सांगितलं. मग घरी फोन लावला. आईचं रडणं ऐकू आलं.  मग आबांचा आवाज आला, "बाय, एकच इचारतो. त्यानं बांदला व्हता ना?"

काय विलक्षण प्रश्न! पोरानं आपल्याला दिलेला शब्द मोडला असावा, अशी आशा धरून बाप फोनपाशी उभा होता.

नेत्रानं डोळे मिटले. "व्हय आबा. बांधला होता. पट्टा तुटला."

फोन ठेवल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. मी कोपऱ्यात पडलो होतो, धडधाकट, अकराच्या अकरा रांगा जागच्या जागी. तिनं मासे कापायची सुरी घेतली. मला मधोमध धरलं आणि रडत रडत कापलं. मी तुटलो नव्हतो, मित्रांनो. मला कापलं. पण मला तिचा राग आला नाही. ज्याचा जीव राखायचा तो मला राखता आला नव्हता. निदान त्याच्या बापाचं मन राखायला उपयोगी पडलो, असं मी मनाला समजावलं.

होडी एकटीनं परत आणणं शक्य नव्हतं म्हणून ती तिकडेच विकून नेत्रा घरी आली ती माझे दोन तुकडे घेऊन. आबांनी मला हातात घेतलं. कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.  पडवीत जाळ्यांच्या खुंटीवर मला अडकवून ठेवलं. जनीनं त्या दिवसापासून त्या खुंटीकडे मान वर करून पाहिलं नाही.

आणि मग सुरू झाली माझी बदनामी. "मितेसचा पट्टा तुटला," असं धक्क्यावर बोललं जाऊ लागलं. मितेश घरी आला, दारातच उभा राहिला. "ताई, एकदा बघू दे. कुठला टाका गेला तेवढं बघू दे." नेत्रानं दाखवलं नाही. "नको रे. आबांना त्रास होतो," म्हणाली. तो मान खाली घालून गेला. पुढे कळलं की त्यानं पट्टे तर सोडाच, शिडं शिवणंसुद्धा बंद केलं. नुसती रिक्षाची हुडं शिवायला लागला. मी खुंटीवर लोंबत राहिलो. दोन पावसाळे गेले. खाऱ्या वाऱ्यानं माझ्या कड्या गंजल्या, अंगावर कोळिष्टकं धरली. ते सारं सोसलं. पण मितेशवरचा आळ मला सोसवत नव्हता. आपल्यावर आळ आला तर एक वेळ चालतो, आपल्याला घडवणाऱ्यावर येऊ नये.

मागच्या डिसेंबरात सदूची मुलगी प्राप्ती आबांच्या पाया पडायला आली. तेवीस वर्षांची पोर, नेत्राकडेच होडी शिकलेली. लहानशा शिडाच्या होडीतून चौघांबरोबर लक्षद्वीपला निघाली होती.

"पट्टा घेतलास ना?" नेत्रानं विचारलं.

"पेटीत हाय, ताय. पन लावून काय करू? दादूसचा तुटलाच ना! लावलेला काय आनि न लावलेला काय." आणि ती हसली. अगदी निकेतसारखी.

नेत्रानं हातातला चहाचा कप खाली ठेवला. ती म्हणाली, "तुटला नव्हता. त्यानं लावलाच नव्हता. मी कापला तो, सुरीनं. आबा, मी खोटं बोलले. तुम्ही त्याचा शब्द घेतला होता आणि त्यानं तो पाळला. तुम्हाला ते सांगायला माझी जीभ रेटली नाही."

 मग आबा उठले, खुंटीवरून मला काढलं.

"मला ठावं व्हतं," ते म्हणाले. "चाळीस वर्सं जाळी सांदली मी. तानानं तुटलेली दोरी पिंजारते, एक तार लांब, एक आखूड. हा काप सरळ हाय. पह्यल्याच दिशी कळला."

"मग बोलला का नाही?"

"ते खोटं मला गोड लागलं, बाय." आबा लहान मुलासारखे रडायला लागले. "पोरगा माझ्यामुळं गेला, हे कोनी बोलू नये असं वाटलं. तू बोलली न्हाईस. मग मीपन गप ऱ्हायलो."

दारात उभी असलेली जनी तेव्हा बोलली. जवळजवळ दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमी दोघा गप ऱ्हायलात," ती म्हणाली, "आनि मितेसच्या पोटावर पाय आला. त्याच्या आयेच्या तोंडाकडं बघवत न्हाय मला बाजारात. ही पोर तर निघालीच व्हती तशी. अजून किती पोरा घालवायची गप ऱ्हाऊन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा मला घेऊन धक्क्यावर गेले. मितेशला बोलावून आणलं. जाळी सांधत बसलेल्या सगळ्यांसमोर उभं राहून म्हणाले, "मितेसचा पट्टा तुटला न्हाय. माझ्या पोरानं लावला न्हाय, कारन मी त्याला लावू नको म्हनलो. ऐकलात सगळ्यांनी?"

मितेशनं मला हातात घेतलं. एक बोट माझ्या टाक्यांवरून फिरवत तो रांगा मोजू लागला. अकरापर्यंत गेला. मग माझ्यातच तोंड लपवून तिथेच धक्क्यावर रडला. आबांना एक शब्द उणा बोलला नाही. त्याच संध्याकाळी त्यानं प्राप्तीसाठी नवा पट्टा शिवायला घेतला. मलाही काळ्या दोऱ्यानं जोडलं आणि आबांना बजावलं, "सांधलेला पट्टा जिवाला लावायचा नाही हां, आबा."

"जिवाला न्हाय," आबा म्हणाले. "शिकवायला पायजे."

तेव्हापासून मी धक्क्यावर असतो. शिडाची होडी घेऊन लांब कुणी निघालं की आबा त्याला थांबवतात, माझी कडी त्याच्या जाकिटात लावायला लावतात आणि कान देऊन ऐकतात. टक् आवाज आला नाही तर पुन्हा. दोन्ही टोकांना दोनदा. प्राप्तीनंही निघताना तसंच केलं आणि ती सुखरूप जाऊन आली.

म्हणून सांगतो, मित्रांनो. मोठ्यांचा नियम पाळा, पण तो कुठल्या होडीचा आहे हे त्यांना विचारायला लाजू नका. आणि जिवाची वस्तू अर्धी लावून ठेवू नका. आम्हा वस्तूंना स्वतःहून धरता येत नाही. आम्हाला लावावं लागतं.

होड्या निघून गेल्या, माणसं पांगली की आबा थोडा वेळ तिथेच बसतात. माझी एक कडी धक्क्यावरच्या लोखंडी गोलात अडकवतात. दुसरी मुठीत घट्ट धरतात आणि समुद्राकडे बघत बसतात. मीही धरून राहतो. मला तेवढंच येतं.